सरांचा डावा पाय

आमच्या पी.टी.च्या सरांच्या डाव्या पायाला माझं नाव आहे.

थट्टा नाही. आंबेगाव तालुक्यात माझ्या नावाची माणसं पाच-पन्नास निघतील, पण माझ्या नावाचा पाय एकच, आणि तो सरांचा. सकाळी त्यांच्या घरावरून कुणी गेलं की आतून ऐकू येतं, "उचल की गाढवा! सगळा वर्ग पुढं गेला, तू काय मुहूर्त बघतोयस?" जाणाऱ्याला वाटतं मी आत आहे आणि बोलणी खातोय. मी तेव्हा मंचरच्या बाजारात बटाट्याच्या पोत्यावर बसून भेळ खात असतो. उजव्या पायाला नाव नाही. उजवा शहाणा आहे, आणि शहाण्या पोरांची नावं सरांच्या कधी लक्षातच राहिली नाहीत.

वाढवून सांगणं हा माझा धंदा आहे, हे आधीच कबूल करतो. मी यात्रांमधून बैलगाडा शर्यतीचं निवेदन करतो. ओतूरपासून मंचरपर्यंत असा घाट नाही जिथं माझा माईक वाजला नाही. घाट म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी. खालून चार बैल गाडा घेऊन सुटतात, बारा-तेरा सेकंदांत वर पोचतात, आणि त्या बारा सेकंदांत मी बारा मिनिटांचं बोलतो. माझ्या तोंडून निघालेला प्रत्येक बैल ढगातून उतरलेला असतो. पण सरांबद्दल सांगताना मी फार तर चार आणे भर घालतो. बाकीचे बारा आणे सर स्वतःच तसे आहेत, त्याला माझा इलाज नाही.

सरांनी आमच्या हायस्कुलात तीस वर्षं कवायत घेतली. आवाज असा, की मैदानावर 'सावधान!' म्हटलं की ओढ्यापलीकडच्या उसातला बिबट्या चारी पाय जुळवून उभा राहायचा. बिबट्या मी पाहिलेला नाही, पण ऊस ताठ झालेला स्वतः पाहिलाय. मला डावा-उजवा कळायचा नाही. अख्खी शाळा डावा टाकायची तेव्हा माझा उजवा पडायचा. एका पंधरा ऑगस्टला पाहुण्यांनी विचारलं, "तो शेवटचा मुलगा दुसऱ्या शाळेतून आलाय का?" सर म्हणाले, "नाही, आमचाच आहे. तो उलट दिशेनं स्वतंत्र झालाय."

निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी सरांना पार्किन्सन झाला. आमच्याकडं त्याला कंपवात म्हणतात. तो ओळखायला लई उशीर झाला आणि त्याला जबाबदार फक्त सर. या आजारात म्हणे चेहरा गोठतो, माणूस हसेनासा होतो. आता जो माणूस तीस वर्षांत हसलाच नाही, त्याचं हसू गेलंय हे कळावं कुणाला? शेवटी काकूंना, म्हणजे सरांच्या मंडळींना, शंका आली ती किराण्याच्या यादीवरून. सरांचं अक्षर पूर्वी फळ्यावर मावायचं नाही. त्या यादीत ते मुंगीनं पाय पुसल्यासारखं झालं होतं. दुकानदार घड्याळजीकडचं भिंग मागून आणतो म्हटल्यावर काकू सरांना घेऊन थेट पुण्याला गेल्या.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी हात-पाय हलवून पाहिले, चालवून पाहिलं आणि सांगितलं, "मेंदूत एक रसायन तयार होतं, ते कमी पडतंय. हा आजार पूर्ण जात नाही. पण गोळ्या वेळेवर, व्यायाम रोज, तर ताब्यात राहतो."

सर म्हणाले, "म्हणजे शिस्तीचा प्रश्न आहे."

"तसं समजा," बाई म्हणाल्या. आपण कुणाला काय बोलून बसलोय याची बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

आठ दिवसांत शाळेच्या अडगळीतली जुनी घंटा सरांच्या अंगणातल्या जांभळीला लटकली. गोळ्यांचे चार तास ठरले: सहा, दहा, दोन आणि सहा. काकूंनी टोल द्यायचा, सरांनी गोळी घ्यायची. महिन्याभरात सगळी आळी त्या टोलावर चालायला लागली. बायका दहाच्या गोळीला कुकर लावतात, संध्याकाळच्या गोळीला म्हशीखाली बसतात. एकदा काकू दोन दिवस ओतूरला माहेरी गेल्या. सरांनी गोळ्या मोबाइलच्या गजरावर घेतल्या, पण टोल काही पडला नाही, आणि अख्ख्या आळीचं दूध डेअरीवर उशिरा पोचलं. डेअरीवाल्यानं विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, "आमी काय करनार भाऊ? सरांनी गोळीच न्हाई घेतली."

गोळीच्या आसपास दूध, डाळ, अंडं, मटण काही चालायचं नाही. तसलं पोटात असलं की गोळी चढत नाही. सरांच्या भाषेत, "डाळीनं बाक अडवला की गोळी वर्गाबाहेर उभी राहते." म्हणून दिवसा भाकरी, पालेभाजी आणि कोरा चहा; डाळ-उसळ जे काय ते रात्रीच्या जेवणात. हे मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ असून मी काय करून ठेवलं ते पुढं येईलच.

थरथरीचं सरांना काही वाटायचं नाही. "हात रिकामा असला की हलतो, काम दिलं की गप्प बसतो. तुझ्यासारखाच आहे," असं मला म्हणायचे. खरं वैर होतं पायांचं. दारात, वळणावर, घाईत पाय जमिनीला चिकटायचे. माणूस चाललाय चाललाय आणि एकदम रोवल्यासारखा उभा. वरचं अंग पुढं निघालेलं, पाय मागंच. एकदा उंबऱ्यात ते असे अडकले आणि मी मदत म्हणून हात धरून ओढलं. दोघंही ओसरीवर आडवे. सर माझ्या पोटावर पडले म्हणून वाचले. माझं पोट एरवीही गादीच्या कामाचं आहे. पडल्या पडल्या त्यांनी तास घेतला.

"अडकलेल्याला ओढू नये. काय करू नये?"

"ओढू नये, सर."

"थांबायचं. श्वास घ्यायचा. उजव्यावर वजन द्यायचं. मग डावा उचलायचा. आणि बाजूच्यानं काय करायचं?"

"काय करायचं, सर?"

"मोजायचं! कवायतीत काय करत होतो आपण?"

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आणखी एक गंमत सांगितली होती. सपाट जमिनीवर चिकटणारा पाय आडवी रेष दिसली की ती ओलांडतो. झालं. सरांचं उभं आयुष्य फक्की मारण्यात गेलेलं. फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी पूड. एका सकाळी काकू उठून बघतात तर ओसरीपासून न्हाणीपर्यंत फुटा-दीड फुटावर पांढऱ्या रेषा, मधल्या खोलीला चौकट, देवघरापुढं अर्धवर्तुळ.

"अहो, मी झाडायचं कसं?"

"रेष सोडून."

काकूंनी चार दिवस रेष सोडून झाडलं आणि पाचव्या दिवशी पेंटर बोलावून सगळ्या रेषा ऑइलपेंटनं पक्क्या करून घेतल्या. तेव्हापासून ते घर म्हणजे कबड्डीचं मैदान. येणाऱ्याचा पाय रेषेवर पडला की शिट्टी. गॅसवाला तीनदा आऊट झाला. आता तो सिलिंडर फाटकात ठेवून पळतो.

आणि ज्या माणसाला उंबरा ओलांडायला पाच मिनिटं लागायची, तो सायकलवर बसला की सुसाट! यावर गावाचा विश्वास बसेना. पारावरची मंडळी म्हणायची, "चालता येत न्हाई म्हनं, आन सायकल बघा कशी हाणतोय. सोंग हाय राव सोंग!" सरांनीच डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं होतं, काहींना चालणं जड जातं आणि सायकल जमते. पण वर्दळीत जायचं नाही, बाजूला माणूस हवा. माणूस म्हणजे मी. महाळुंगे पडवळच्या बाजूच्या आतल्या रस्त्यानं सर पुढं आणि मी मोटारसायकलवर मागं. एकदा त्यांनी कांद्याच्या ट्रॅक्टरला मागं टाकलं. ट्रॅक्टर उभा होता हे खरं, पण त्याचं इंजिन चालू होतं. भानगड उतरण्याची. सायकल थांबली की पाय चिकटलेच. म्हणून दोनशे पावलं आधीच सर हाळी द्यायचे, "पोट तयार ठेव!" आणि मी उतरून भिंतीसारखा उभा राहायचो.

हाळी मी म्हणतो खरा, पण तो आवाज पुढं बसायला लागला. शेजारच्याला कानात सांगितल्यासारखा. त्यावर उपाय म्हणजे रोज सकाळी पोटातून मोठ्यानं 'आऽऽ' करायचा. घरात केला तर भांडी वाजतात म्हणून काकूंनी त्यांना उसाच्या बांधावर पाठवलं. आमच्या भागात उसातून सकाळी सकाळी घुमणारा आवाज आला की माणूस काय समजणार? गवताला आलेल्या बायका विळे टाकून पळाल्या. दुपारपर्यंत बिबट्या एक होता, संध्याकाळपर्यंत त्याला दोन पिल्लं झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच वनखात्याची गाडी, पिंजरा, पिंजऱ्यात शेळी आणि सभोवती दोनशे माणूस. उसातून सर बाहेर आले. टोपी, शिट्टी, थरथरता उजवा हात. त्यांनी एकवार गर्दीकडं, एकवार शेळीकडं पाहिलं.

"आवाज किती लांबून ऐकू आला?" त्यांनी विचारलं.

"ओढ्यापलीकडून, सर!" कुणीतरी ओरडलं.

"मागच्या आठवड्यात विहिरीपर्यंतच जात होता," सर म्हणाले. "प्रगती आहे. शेळी सोडा."

हे सगळं सांगितलं ते अशासाठी, की या माणसाचा जीव कशात होता ते कळावं. तो होता निशाणात.

आमच्या गावच्या यात्रेत घाटाच्या तळाला सुरुवातीची रेष असते. बैलांनी ती ओलांडली, की तिथं उभ्या माणसानं हातातलं लाल निशाण खाली पाडायचं. वर मचाणावर घड्याळवाले डोळे लावून बसलेले असतात; निशाण पडलं की ते घड्याळ सुरू करतात. सगळी शर्यत पॉइंटावर, म्हणजे सेकंदाच्या तुकड्यावर ठरते. निशाणवाला डळमळला की गावात वर्षभर भांडण. आणि सव्वीस यात्रा आमच्या घाटावर निशाण एकट्या सरांचं. त्यांनी पाडलेल्या निशाणावर कुणी ब्र काढला नाही. रिवाज असा, की यात्रा झाली की निशाण ज्याचं त्याच्या घरी राहायचं. काकू ते धुवायच्या, घडी घालायच्या आणि ओसरीतल्या खिळ्याला पिशवीत अडकवायच्या. बाकी माणसं घरात बक्षिसं लावतात. सरांच्या भिंतीवर एक खिळा आणि एक पिशवी.

दोन वर्षांपूर्वी घोटाळा झाला. निशाण खाली धरून सर उभे होते, बैल यायला अवकाश होता, आणि काम नसलेल्या हाताची थरथर निशाणात उतरली. वरच्या घड्याळवाल्याला वाटलं, पडलं! त्यानं बटण दाबलं. मोठ्या मिशांच्या एका गाडामालकाचे बैल बिचारे रेषेवर येण्याआधीच त्यांचं घड्याळ पळायला लागलं. मालकानं मैदान डोक्यावर घेतलं. "माझ्या बैलांचं वाटुळं केलं! हात हालतोय त्या मानसाच्या हातात निशाण देताच कशाला?" संध्याकाळी यात्रा कमिटीची दोन माणसं सरांच्या घरी गेली आणि पिशवी घेऊन आली. काकू सांगतात, त्या रात्री ते जेवले आणि रिकाम्या खिळ्याला सावधानात उभे राहून बराच वेळ बघत होते. चेहरा गोठलेला, त्यामुळं काही कळलं नाही. हात मात्र दोन्ही हलत होते.

पुढच्या यात्रेत निशाण कमिटीच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याकडं गेलं. त्यानं ते एकदा शिंकताना पाडलं, एकदा फोन घेताना, आणि एकदा पाडायचंच विसरला. दिवसभरात अकरा भांडणं. त्यामुळं या वर्षी सर स्वतः कमिटीच्या बैठकीला सायकलवरून आले, माझ्या पोटावर उतरले आणि म्हणाले, "निशाण मला हवं आहे."

अध्यक्ष माझ्याच वर्गातला. उठून उभा राहिला, पण अडून राहिला. "सर, तुमचा मान मोठा हाय. पर हात..."

"हात खाली असला की हलतो. मी निशाण आधी वर धरीन. बैल रेषेवर आले की पाडीन. बघ." सरांनी हात उचलला. मांडीवर थडथडणारा हात हवेत गेला आणि दगडासारखा थांबला. त्यांनी तो सपकन खाली आणला. सभामंडपात वारा सुटल्यासारखं झालं.

अध्यक्षानं डोकं खाजवलं. "द्यूया. पर सर, एकच सांगतो. यंदा काय गडबड झाली, तर पुन्हा इषय न्हाई काढायचा."

"मान्य," सर म्हणाले.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून सरांनी जो हात चालवला, काय सांगू! साठ बाऱ्या झाल्या. बारी म्हणजे एका गाड्याची पाळी. साठच्या साठ वेळा निशाण असं पडलं की घड्याळवाले मान डोलवायला लागले. प्रत्येक बारीनंतर बैलांच्या खुरांनी रेष पुसायची आणि सर स्वतः डबा घेऊन नवी फक्की मारायचे. "रेष नाही तर निशाण पाडायचं कशावर?" मी माईकवरून सरांना सूर्य म्हणालो, चंद्र म्हणालो, एकदा तर धरणाची भिंत म्हणालो. लाखभर माणूस टाळ्या वाजवत होतं. मोजलं असतं तर चार-पाच हजार भरलं असतं, पण मोजतंय कोण?

दुपारी दीडच्या सुमारास मी मचाणावरून उतरलो. माझ्या घरची मासवडी डब्यात होती. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून वळलेली, कापलेली आणि वर झणझणीत रस्सा. आमच्या भागात पाहुण्याला मासवडी घातली नाही तर लग्न मोडतं. सर छत्रीखाली भाकरी आणि मेथी खात होते. एवढा पराक्रम करणाऱ्या माणसापुढं मेथी बघून माझं काळीज तुटलं.

"सर, दोनच तुकडे."

"दोनची गोळी आहे," सर म्हणाले, पण डोळे डब्यात.

"सर, ह्यात ना मटण, ना अंडं. नुसतं बेसन!"

सरांनी माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, लांब बांधावर बायकांत बसलेल्या काकूंकडं पाहिलं. त्यांची पाठ होती. सरांनी दोन तुकडे घेतले. मग आणखी चार. रस्सा वाटीनं. बेसन ही डाळच असते हे मला आठवलं तेव्हा दोनची गोळी घेऊन तासाच्या वर वेळ झाला होता आणि मी पुन्हा माईकवर होतो.

शेवटची बारी. बारी कुणाची? त्या मिशीवाल्या मालकाची. खाली त्याचे बैल जुंपलेले, फुरफुरतायत, एकेका बैलाला चार-चार गडी लोंबकळलेत. आणि सर रेष मारायला धावपट्टीत उतरले. अलीकडून निघाले, तिकडं पलीकडं निशाणाची जागा. अर्धी रेष मारली आणि मधोमध थांबले.

मला वाटलं डबा बघतायत. मग पाहिलं. वरचं अंग पुढं, पाय मागं. रोवले.

समोर रेष नव्हती. रेष त्यांच्याच हातातल्या डब्यात होती.

"सर!" मी माईकवरून ओरडलो. "सर, बाजूला व्हा! बैल, सर, बैल! पळा!" चारी कर्ण्यांतून माझा आवाज घाटभर गेला आणि सर आणखी घट्ट झाले. ओरडून घाई केली की पाय जास्त चिकटतात हे मला माहीत होतं, आणि मी चार कर्ण्यांतून घाई करत होतो. खाली एका बैलानं दोन गडी झटकून टाकले. मिशीवाला ओरडला, "धरा रं! सुटला तर मास्तर जाईल!" कमिटीतले दोघं सरांकडं धावले, हात पुढं करून.

बांधावर काकू उठल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. मचाणाकडं बघून त्यांनी एक हात वर केला आणि हवेत ठोका दिला. एक. मग दुसरा. मोज!

"हात लावू नका!" मी गरजलो. "कुणी ओढायचं नाही! मागं सरा!" ते दोघं जागच्या जागी थांबले. मग मी आवाज खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदा माईकवर हळू बोललो. "सर, सावधान. श्वास घ्या. उजव्यावर वजन."

सर उजवीकडं कणभर कलले.

"डावा."

डावा हलला नाही. माझ्याच नावाचा तो! मला जन्मभर ओळखतो, माझं कशाला ऐकेल? आणि माझ्या तोंडातून, देवाशपथ सांगतो, आपोआप निघालं, "उचल की गाढवा! सगळा वर्ग पुढं गेला, तू काय मुहूर्त बघतोयस?"

माझ्या शेजारी अध्यक्षाचा चेहरा पांढराफटक पडला. "आरं, सरांना गाढव म्हनतोस?"

आणि पाय उचलला.

"डावा!" मी म्हटलं. "उजवा! डावा! उजवा!" पहिल्या दोन पावलांना मी एकटा होतो. तिसऱ्याला बांधावरून टाळी आली. पाचव्याला सगळा घाट. त्या गर्दीत निम्मी माणसं सरांच्या हाताखालची. तिशीतले, चाळिशीतले, नातवंडं खांद्यावर घेतलेले. सगळे जागच्या जागी कदमताल करायला लागले. डावा, उजवा! जमीन दणदणत होती, मचाण हलत होतं. आणि त्या ठोक्यावर सर चालले. नुसते चालले नाहीत. डबा वाकडा करून उरलेली अर्धी रेष मारत गेले! सुतासारखी सरळ. पलीकडं पोचले, डबा ठेवला, निशाण घेतलं, हात वर केला. दगड.

बैल सुटले, रेषेवर आले, सपकन लाल खाली. धूळ वर.

मिशीवाला दुसरा आला. केसभरानं पहिला नंबर हुकला. तो तडक सरांकडं चालत आला. मला वाटलं, संपलं. मिशी फेंदारून म्हणाला, "सर, नंबर गेला त्येचं वाईट वाटतंय. पर निशाण असं पडलं, की भांडायला जागाच न्हाई ठिवली तुमी."

मी मचाणावरून उतरून पुढं गेलो आणि मान खाली घालून उभा राहिलो. सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांचा आवाज पार बसला होता. मला कान जवळ न्यावा लागला.

"आज डाव्या-उजव्यात चुकला नाहीस."

"नाही, सर."

"पहिल्यांदाच."

"हो, सर."

"मासवडी चांगली होती," सर म्हणाले. "मी खाल्ली, माझी चूक. तू वाढलीस, तुझी चूक. माझी शिक्षा मी भोगली. मैदानाला एक फेरी. पळ."

मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. माझं पोट तुम्हाला माहीत झालंय. तरी पळालो. अख्खा घाट टाळ्यांवर मोजत होता आणि अध्यक्ष सर्वांत मोठ्यानं मोजत होता, म्हणून सरांनी त्यालाही एक फेरी दिली. पहिलं वळण संपवून मी मागं पाहिलं. पळायच्या आधी अध्यक्षानं निशाणाची घडी घातली होती, पिशवीत ठेवली होती आणि पिशवी काकूंच्या हातात दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना सायकलवर न्यायला गेलो. घरात शिरताना एकही रेष तुडवली नाही. काकूंनी निशाण धुवून अंगणातल्या दोरीवर टाकलं होतं. सर पायरीवर बसून कोरा चहा पीत होते. कपाला दोन्ही हात, दोन्ही हलतायत. ओढ्याकडून वारा आला आणि दोरीवरचं निशाण थरथरायला लागलं. थांबायचं नावच घेईना.

सरांनी त्याच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"अहो," त्यांनी काकूंना हाक मारली, "टोल द्या. याचीही गोळी राहिलीय."